कोळंबीचा मसला

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, मुंबईच्या उपनगरांत कोकणी मुसलमान आणि उत्तरेकडून आलेले उर्दूभाषक मुसलमान एकाच जिन्याने वर-खाली करतात. ईदच्या शीरखुर्म्याच्या वाट्या या दारातून त्या दारात जातात. पण कोळंबीवर त्यांचे एकमत होत नाही. कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. समुद्रातले जवळजवळ सारे जीव त्यांना हलाल. उत्तरेकडचे बहुतेक हनफी. त्यांच्या फिकहनुसार पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. तेव्हा एका घरात कोळंबीचा रस्सा रटरटत असतो आणि समोरच्या घरात, हे खावे की नाही, यावर आजोबा आणि नातवाची हुज्जत चालते. सगळा मसला शेवटी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर येऊन थांबतो : कोळंबी मासा आहे की नाही?

वाचकांना हा स्वयंपाकघरातला प्रश्न वाटेल. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि 'प्राण्यांचे वर्गीकरण' या धड्यातला याहून अवघड प्रश्न आम्हाला ठाऊक नाही. बी.एड.ला असताना 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र घोकून घेतलेले असते. आमच्या मुलांना ज्ञात काय, तर मासळी बाजार. म्हणून आम्ही धडा तिथून सुरू करतो आणि दरवर्षी तिथेच अडकतो.

धडा तसा सोपा आहे. आधी दोन मोठे गट : पाठीला कणा असलेले आणि नसलेले. कणा असलेल्यांचे पुन्हा पाच : मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन. आमची मुले त्यांना मछलियाँ, जल-थलिये, रेंगनेवाले, परिंदे आणि पिस्तानिये म्हणतात. माशाला कणा असतो, श्वासासाठी कल्ले असतात, पोहायला पर असतात. बेडूक लहानपणी कल्ल्यांनी श्वास घेतो, मोठेपणी फुप्फुसांनी. सापाच्या अंगावर खवले, पक्ष्याच्या अंगावर पिसे, सस्तनाच्या अंगावर केस आणि पिलाला आईचे दूध. कणा नसलेल्यांत सर्वांत मोठा गट संधिपादांचा. पायांना सांधे, अंगावर कडक कवच, वाढताना ते कवच टाकून देण्याची रीत. झुरळाचे पाय सहा, विंचवाचे आणि कोळ्याचे आठ, खेकड्याचे आणि कोळंबीचे दहा. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने कोळंबी बोंबलाची कोणी नाही, ती झुरळाची चुलत बहीण आहे. हे सांगितले की वर्गात 'ईऽऽ' होते. अलीकडचे संशोधन तर त्याच्याही पुढे गेले आहे. सारे कीटक हीच मुळात कवचधारी जलचरांच्या कुळातून फुटलेली एक शाखा आहे, असे आता मानले जाते.

मग एखादा हुशार मुलगा उठतो. कल्ले तर कोळंबीलाही असतात, ती पाण्यातच राहते, बाजारात माशांच्याच टोपलीत असते, मग ती मासा का नाही? त्याला उत्तर द्यावे लागते की पाण्यात राहणे हे मासा असण्याचे लक्षण नाही. देवमासा पाण्यात राहतो, त्याच्या नावातच मासा आहे, उर्दूतही त्याला व्हेल मछली म्हणतात. पण तो हवा फुप्फुसात घेतो आणि पिलाला दूध पाजतो. कल्ल्यांनीही भागत नाही, बेडकाच्या पिलालाही ते असतात. कणा हवा. मुलगा बसतो, पण त्याच्या डोळ्यांतला प्रश्न उभाच असतो : कणाच का हवा? हे कोणी ठरवले?

उलेमांनी हा मसला कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. चौदाव्या शतकात कैरोमध्ये कमालुद्दीन दमीरी नावाचे एक आलिम होऊन गेले. त्यांनी 'हयातुल हैवान' नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात हजाराहून अधिक नोंदी आहेत आणि त्या वर्णानुक्रमाने लावल्या आहेत. पण आम्हाला नवल वाटते ते एकेका नोंदीच्या आतल्या मांडणीचे. आधी नावाची चर्चा, मग त्या प्राण्याचा स्वभाव, हदीसमध्ये त्याचा उल्लेख, तो हलाल की हराम, त्याच्यावरच्या म्हणी, औषधात उपयोग आणि शेवटी तो स्वप्नात दिसला तर त्याचा अर्थ. प्राणी एक आणि त्याला विचारलेले प्रश्न सहा-सात, प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी. याच दमीरींनी कोळंबीला लहान मासा म्हटले आहे. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी त्यांचाच आधार घेऊन हनफी लोकांना झिंग्याची मुभा दिली. त्याच मजहबातल्या इतर काही उलेमांनी मतभेद आहे तर दूर राहिलेले बरे, असे म्हटले. मुभा देणाऱ्यांची आणखी एक दलील उर्फची, म्हणजे लोकांच्या बोलीव्यवहाराची. शरियतने मासा म्हटले तेव्हा समोरच्या माणसांना त्या शब्दाने जे कळत होते, तेच धरायचे. कणा मोजायला त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. आमच्याकडे हा उर्फ पाहायचा तर मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जावे. कोळी बायका ज्याला म्हावरं म्हणतात, त्यात बोंबील, सोडे, जवळा सारे येते. त्यांच्या टोपलीत कणा हा मुद्दाच नाही.

शाफई फिकहातही सगळे सरळ नाही. खेकडा पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही चालतो, म्हणून त्याच्याबद्दल तिथे दुमत आहे. त्या फकिहांनी जो मुद्दा काढला तो आमच्या धड्यातला उभयचराचा, फक्त आम्ही तो बेडकाला लावतो. मतभेद असो, कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत कुर्ल्या शिजतात आणि चवीने खाल्ल्या जातात.

एका घटक चाचणीत 'वेगळा घटक ओळखा' असा प्रश्न घातला होता : बोंबील, कोळंबी, खेकडा, झुरळ. अपेक्षित उत्तर बोंबील, कारण कणा त्यालाच. बरीच मुले झुरळ लिहून मोकळी झाली. कारण, बाकीचे तीन बाजारात मिळतात. एका मुलीने खेकडा लिहिला आणि पुढे, हमारे घर में सिर्फ यही नहीं पकता. झुरळाचे काय, असे विचारायला हवे होते, पण तिच्या मनात यादी अन्नाचीच होती, झुरळ तिने मोजलेच नव्हते. उत्तरसूचीप्रमाणे यातले एकच बरोबर. पण गट करण्याच्या दृष्टीने पाहिले तर तिन्ही मुलांनी एकच काम नीट केले होते. आधी एक प्रश्न मनाशी धरला, मग त्याला उपयोगी पडेल असे लक्षण निवडले, मग ढीग लावले. शरीर कसे बांधलेले आहे, हा एक प्रश्न. बाजारात काय मिळते, हा दुसरा. ताटात काय येते, हा तिसरा. आम्ही कारण लिहिणाऱ्यांना अर्धा गुण दिला. त्यावर स्टाफरूममध्ये बराच वाद झाला, तो इथे नको.

आमचे म्हणणे एवढेच आहे की लक्षण निसर्गात असते, पण ते निवडतो माणूस, आणि कशासाठी निवडले हे तो फार लवकर विसरतो. एका प्रश्नासाठी लावलेला ढीग दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केला जातो. नैतिक घोळ तिथे सुरू होतो.

सस्तन हेच नाव घ्या. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७३५ साली देवमासा माशांतच ठेवला होता. १७५८ च्या आवृत्तीत त्याने तो बाहेर काढून गाय-माणसांच्या गटात आणला आणि त्या गटाला स्तनांवरून नाव दिले. केसांवरूनही देता आले असते, कानातल्या तीन हाडांवरूनही. तीही लक्षणे या गटातच सापडतात, आणि स्तनांतून दूध येते ते निम्म्यांनाच. पण सहा वर्षे आधी, १७५२ साली, याच माणसाने बाळे दाईच्या अंगावर पाजायला देऊ नयेत, आईने स्वतः पाजावे, असे सांगणारी पुस्तिका लिहिली होती. म्हणजे त्याच्या मनात तेव्हा काय चालले होते, ते नावात उतरले. ढीग खरा आहे, नावाचा कल माणसाचा आहे. त्याच ग्रंथात कोळंबी, खेकडा, विंचू आणि झुरळ हे सारे एकाच 'कीटक' गटात आहेत, आणि जे कुठेच बसत नव्हते ते 'कृमी' नावाच्या पोत्यात कोंबले आहे.

इथवर ठीक होते. पण त्याच १७५८ च्या ग्रंथात, त्याच शाईने, लिनिअसने माणसाचेही खंडांवरून चार प्रकार लावले आणि प्रत्येकापुढे रंगाबरोबर स्वभावही लिहिला. युरोपातला माणूस कायद्याने चालणारा, आशियातला समजुतींनी, आफ्रिकेतला लहरीने. कोळंबीचे पाय मोजता येतात. लहरीपणा त्याने कशाने मोजला? देवमाशाच्या बाबतीत ज्याने पोहणे बाजूला ठेवून दूध पाहिले, तोच माणसापाशी आला आणि कातडीवर थांबला. पुढच्या दोनशे वर्षांत या ओळींच्या वंशातल्या ओळींनी किती माणसे विकली आणि मारली, ते इतिहासाच्या तासाला येते. विज्ञानाच्या तासाला ते येत नाही, ही आमची तक्रार आहे.

आणि ढीग कायमचेही नसतात. पवईच्या तलावात मगरी आहेत. पुस्तकात मगर सरपटणाऱ्यांत, पालीच्या शेजारी. पण मगरीच्या हृदयाला कप्पे चार, पालीच्या तीन. हे मुले 'अपवाद' म्हणून पाठ करतात. आजचे जीवशास्त्र सांगते की वंशवेलीवर मगर पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे. म्हणजे तलावावर घिरट्या घालणारी घार ही मगरीची जवळची नातलग आणि भिंतीवरची पाल दूरची. परीक्षेत हे लिहिले तर गुण जातात, म्हणून आम्ही ते सांगतो आणि वर 'पेपरात लिहू नका' असेही सांगतो. शिक्षकाच्या पेशात असे तिढे रोजचे.

कायद्याचे ढीग तर आणखी वेगळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती. कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर आणि घुशी त्यात होत्या. त्यांना संरक्षण नाही, कोणीही मारावे. कावळा परिंदा, वटवाघूळ आणि उंदीर पिस्तानिये. त्यांच्यात सामाईक लक्षण काय, तर माणसाला त्यांचा त्रास वाटतो, एवढेच. म्हणजे लक्षण त्यांच्यात नव्हतेच, आमच्यात होते. २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, ती अनुसूची गेली. त्या दिवशी वटवाघळाच्या अंगात काही बदल झाला नाही.

गोरेगावच्या आरेचेही तेच. २०१० साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी तिथल्या एका नव्या विंचवाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या शास्त्रीय नावातच आरे आहे. आदिवासी पाड्यांत वाघोबाची पूजा होते आणि बिबट्या रात्री तिथून येतो-जातो. तरीही आरे हे 'वन' आहे का, यावर कोर्टात वर्षानुवर्षे वाद चालला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने ते वन ठरवण्याची मागणी करणाऱ्या याचिकेसह सगळ्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवत चालली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबा म्हटले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. पुढच्या वर्षी आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. कारशेड मात्र शेवटी आरेतच उभी राहिली. झाड तेच, विंचू तोच. कागदावरच्या शब्दाने कोण जगणार ते ठरले.

आता माणसाकडे यावेच लागेल. धड्यात आहारावरूनही गट येतात : तृणभक्षी, मांसभक्षी, सर्वभक्षी. माणूस तिसऱ्या ढिगात. उपनगरांत मात्र माणसांचे या लक्षणावरून दोन ढीग होतात आणि त्यावर घर मिळणे न मिळणे ठरते. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलुंडच्या बाजूला भाड्याने घर शोधत होतो. दलालाने फोनवर पहिलाच प्रश्न केला, "व्हेज की नॉनव्हेज?" आम्ही म्हटले, घरात मांस शिजणार नाही, हवे तर लिहून देतो. शिक्षकाच्या पगारात भाडे दिल्यावर तसेही ते कितीदा शिजणार होते! तो खूश झाला. मग त्याने नाव विचारले. नाव ऐकल्यावर जरा वेळ गेला आणि तो म्हणाला, "तुमचं ठीक आहे हो सर, पण सोसायटीवाले ऐकत नाहीत." म्हणजे आहार हे लक्षण नव्हतेच, ते दारावरचे पडदे होते. कोळंबीला माशांतून बाहेर काढताना निदान तिचे पाय मोजतात, पाठ चाचपून पाहतात. आमचे काहीच पाहायची गरज पडली नाही.

पण बोट एकाच दिशेने दाखवून भागणार नाही. सोयरिकीची बोलणी चालू असताना 'वो लोग तो केकड़ा खाते हैं' हे वाक्य आम्ही हनफी घरांत ऐकले आहे आणि 'भैय्ये लोक' हा शब्द कोकणी घरांत. फिकहमधला मतभेद रहमत म्हणून सांगायचा आणि पानात पडताच त्याची पायरी करायची. पिंजारी, बागवान, कुरेशी, अन्सारी ही नावे एके काळी हातातल्या कामाची होती. ज्याच्या घरात तीन पिढ्यांत कोणी पिंजणाला हात लावला नाही, त्याचीही ओळख अजून पिंजारी हीच, आणि लग्न ठरवताना तीच आधी विचारली जाते. जे काम उरलेलेच नाही ते लक्षण होऊन बसले आहे. मजहबात याला काही आधार नाही, हे सांगणारे पुष्कळ आहेत. ऐकणारे स्वतःच्या मुलीचे लग्न निघाले की सापडत नाहीत.

या बाबतीत आम्हाला कुत्र्याच्या मसल्याने फार शिकवले. कुत्र्याची लाळ लागलेले भांडे धुवायचे, शाफईंच्या मते सात वेळा, त्यात एकदा मातीने. हा ढीग पाकी-नापाकीचा. पण त्याच हदीसच्या संग्रहांत ती बनी इस्राईलची बदनाम बाई आहे, जिने तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीतून आपल्या पायताणात पाणी काढले आणि तिला माफी मिळाली. आणि मांजर, जे पाक मानले जाते, ते कोंडून उपाशी मारणारीला अजाब झाला. म्हणजे भांडे कसे धुवायचे या प्रश्नाचे उत्तर, पाणी पाजायचे की नाही या प्रश्नाला चालले नाही. दोन्ही हुकूम शेजारी शेजारी उभे आहेत आणि एकमेकांच्या अंगणात जात नाहीत. आमच्या मोहल्ल्यात कुत्र्याला दगड मारणारा मुलगा पकडला की तो पहिली दलील नापाकीचीच देतो. त्याला बसवून हा किस्सा सांगावा लागतो.

दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा या मंडळींनी आपल्या रिसाल्यांत एक खटलाच रचला होता. माणसे एका बेटावर येतात, तिथल्या जनावरांना जुंपू लागतात, आणि जनावरे जिन्नांच्या बादशहाकडे फिर्याद नेतात. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मौलवी इक्राम अली यांनी १८१० साली त्याचा उर्दू तर्जुमा केला. माणसे एकेक लक्षण पुढे करतात : आम्ही ताठ उभे राहतो, आम्हाला हुन्नर येतात, आम्हाला अक्कल आहे. दर वेळी समोरून कोणीतरी उठतो. मधमाशी आपल्या पोळ्याची रचना सांगते, बेडूक बोलतो, कोल्हा बोलतो. ताठ उभे राहणे हे तुमच्या गरजेचे लक्षण आहे, मालकीचे नव्हे, अशा अर्थाचे ते उत्तर. शेवटी बाजू माणसांची वरचढ ठरते ती मेल्यानंतरच्या जीवनाच्या वाद्यावर, म्हणजे ज्याचा जाबही त्यांनाच द्यायचा आहे त्या गोष्टीवर. खटला वाचून झाल्यावर मुले जनावरांच्या बाजूने असतात, असा आमचा अनुभव आहे.

गोरेगावला फिल्मसिटीच्या कडेला, जंगलाला लागून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ ची. तिचे नाव निघाले की सलीम अलींचे निघते. १८९६ चा जन्म, आई-वडील लहानपणीच गेले, खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. हातात छर्ऱ्याची बंदूक आणि चिमण्या मारायचा नाद. १९०८ च्या सुमारास त्यांनी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. घरातल्या मुलांना चिमणी हलाल, हे ठाऊक होते. पण ही चिमणीच आहे का, हे ठाऊक नव्हते. तेव्हा ती खावी की नाही? पोरगा पक्षी घेऊन मामाकडे गेला. मामा शिकारी, संस्थेचे जुने सभासद. त्यांनाही तो ओळखता आला नाही. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन संस्थेचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. साहेबाच्या कचेरीत जायचे म्हणून मुलगा दबकत गेला. मिलर्ड यांनी कागदात गुंडाळलेला पक्षी हातात घेतला, पाहिला, नाव सांगितले, आणि मग कपाटांचे खण एकामागून एक ओढून त्यात पेंढा भरून ठेवलेले पक्षी त्या मुलाला दाखवायला सुरुवात केली.